पेन्सिलीने लिहिलेला निकाल

मित्रांनो, पाठीला लाल कापड आणि पोटात दोनशे पानं, अशी मी एक जुनी वही. रायपूर नवंनवं राजधानी झालं होतं, त्या दिवसांत शिशिरने मला पुरानी बस्तीतल्या दुकानातून उचललं आणि समता कॉलोनीतल्या आपल्या घरी आणलं.

तिथे सहा जणांचा एक खेळ चाले. परदेशातले फुटबॉलपटू कागदावर वाटून घ्यायचे. तिकडे मैदानावर कुणी गोल केला, की इकडे ज्याचा खेळाडू त्याला गुण. हंगाम संपला तरी आवडता खेळाडू आपल्याकडे राखता येई. दर पोळ्याला बैठक बसे. बेसनाची तळलेली ठेठरी खाल्लेल्या बोटांचे तेलकट ठसे माझ्या पानांवर उमटत. मला ते दागिन्यांसारखे वाटत.

पहिल्या पानावर नियम होता. खेळाडू तीनच हंगाम राखायचा, मग सोडायचा. सोडलेल्यांतून पहिली निवड तळाला राहिलेल्याची. नवा प्रश्न निघाला तर त्याचा निकाल पेन्सिलीने लिहायचा आणि पुढच्या पोळ्याला सर्वांसमोर त्यावर पेन फिरवायचा.

शिशिरची चुलत बहीण देवश्री. तिने सतरा वर्षांचा एक अनोळखी खेळाडू निवडला.

"काहून वं, पाळणाघर काढून राहिली का?" सहांतलाच एक, विनायक म्हणाला. सगळे हसले.

दुसऱ्या हंगामात त्या पोराचा गुडघा मोडला. वर्षभर तो एकही सामना खेळला नाही. पोळ्याला देवश्रीने विचारलं, "दादा, हे साल मोजायचं का? मैदानात पाय नाही ठेवला त्यानं."

"घरी बसल्याचं कायचं साल? नाही मोजत. ठेव तुझ्या लंगड्याले," शिशिर म्हणाला. त्याने माझ्या विसाव्या पानावर पेन्सिलीने लिहिलं, 'जायबंदी हंगाम मोजू नये.' किती हलका होता तो हात!

तिसऱ्या हंगामात पोरगा उठला, धावला, एकवीस गोल करून बसला. दर सोमवारी देवश्री सायबर कॅफेतून गुण उतरवून आणी आणि माझ्यात लिहिताना गुणगुणे. शिशिरचा संघ मात्र तळाला गेला.

पोळ्याच्या आदल्या दुपारी त्याने एकट्याने मला उघडलं. विसावं पान बराच वेळ पाहत बसला. मग रबर घेतलं. मला वाटलं, काही चुकलं असेल, दुरुस्त करतोय. मी पान सैल सोडलं.

दुसऱ्या दिवशी तो बैठकीत म्हणाला, "तीन हंगाम झाले, देवश्री. पोट्टा सोडा लागते."

"तूच तर म्हनला होता, ते साल मोजायचं नाही!"

"दाखव ना लिहिलेलं."

तिने मला उघडलं. पान कोरं. तिचं बोट त्यावरून फिरलं आणि थांबलं. तिने मला खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. शिसं गेलं होतं, पण दाबाच्या रेघा राहिल्या होत्या.

विनायक वाकला. "अबे, अक्षर तं तुझंच आहे! मिटवलं कोनं?"

"पेन फिरला होता का त्यावर?" शिशिर खाली पाहत म्हणाला. "मंग तो नियम कायचा? नुसता विचार होता."

सहा जणांतली सगळ्यांत धाकटी निधी पुटपुटली, "छोडो ना दीदी, गेम ही तो है."

"गेमच आहे," देवश्री म्हणाली. "घे दादा, पोट्टा तुझा. त्याच्या गुडघ्याची वाट मी पाहिली, गोल तू मोज."

ती ताटाला हात न लावता गेली. पुढच्या पोळ्याला आली नाही.

त्या वर्षी शिशिर जिंकला. ठळक पेनाने त्याने स्वतःचं नाव लिहिलं, तेव्हा खोलीत टाळी वाजली नाही. दोन वर्षांत खेळ बंद पडला. आता मी माळ्यावर आहे. वाळवीचं मला भय नाही. ज्या हाताने मला घरी आणलं, त्याच हाताने मला खोटी साक्ष द्यायला लावलं, तेवढं मात्र अजून सलतं.

मित्रांनो, नियम अपुरे पडणारच. माणसांनीच केलेले ते. पण ज्याने तुमच्या शब्दावर एक वर्ष काढलं, त्याच्यासमोर कोरं पान धरू नका.