माझ्या पोटातल्या नक्ष्या

मित्रांनो, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरींचा एक कारखाना आहे. त्याच्या ऑफिसच्या कोपऱ्यात बसलेला मी एक जुना संगणक आहे. अंगावर सुताची भुकटी, कपाळावर दसऱ्याचं हळदकुंकू, असं माझं ध्यान. पण माझ्या पोटात शिवप्पांच्या नक्ष्या आहेत.

शिवप्पा इथले नक्षीकार. आयुष्यभर त्यांनी चौकटीच्या कागदावर मोर, वेली, कोयऱ्या काढल्या. डोळे अधू होऊ लागले तेव्हा एकेक नक्षी माझ्यात उतरवून घेतली. पुढे कागद वाळवीनं खाल्ले. नक्ष्या उरल्या त्या फक्त माझ्याकडे, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

मग मालक सोमशेखरशेठ यांना वाटलं, या नक्ष्या माझ्यातून थेट मागांवर जाव्यात. त्यासाठी माझ्यात सर्व्हरचा प्रोग्राम भरायचा ठरला आणि मुहूर्त धरला तो नेमका खंडेनवमीचा. त्या दिवशी आमच्याकडे यंत्रं बंद ठेवून पुजतात. प्रोग्राम अर्धा भरला होता, तोच पूजेची वेळ झाली आणि शेठनी रिवाजाप्रमाणे मेन स्विच खाली ओढला. दुसऱ्या दिवशी त्या अर्धवटावरच पुन्हा तोच प्रोग्राम भरला. झाल्या एका म्यानात दोन तलवारी! दोन्ही प्रोग्राम मागांकडे जाणाऱ्या एकाच दारातून बाहेर पडायला बघत आणि दारातच अडकून बसत. मी कण्हत राही, माग ताटकळत उभे राहत. शेवटी शेठ वैतागले आणि म्हणाले, सगळं पुसून कोरं करा.

मी हादरलो. नक्ष्या त्या प्रोग्रामच्याच फोल्डरात जाऊन पडल्या होत्या, आणि मला बोलता कुठं येतं?

संगणक दुरुस्त करणाऱ्या धम्मप्रियाताईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, खुर्ची ओढली आणि शेजारी बसलेल्या शिवप्पांना विचारलं, "काका, यात तुमचं काय आहे?"

"माजा जलम हाय त्यात, ताई," शिवप्पा म्हणाले.

ताईंनी शेठना थांबवलं. आधी सगळ्या नक्ष्यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि ती उघडून दाखवली. शिवप्पांनी पडद्याला नाक लावून ओळख पटवली, तेव्हाच त्या पुढं सरकल्या. मग जे घडलं त्यानं मी थक्क झालो. त्यांनी दोन्ही प्रोग्राम आधी शांत केले. नंतर भरलेला आधी काढला. निघता निघता त्यानं आगाऊपणे विचारलं, सोबतची माहितीही पुसू का? ताईंनी नाही म्हटलं. अर्धवटाला तर धड निघताही येईना. त्याची मुळं कुठं कुठं गेली होती ती शोधून ताईंनी एकेक हातानं उपटली.

"ताण्यात, उभ्या सुतात चूक झाली की आमी बी असंच करतो," शिवप्पा म्हणाले. "हिसडा द्यायचा न्हाय. मागं मागं जात सोडवायचं."

मला बंद करून पुन्हा चालू केलं. मित्रांनो, केवढी शांतता होती माझ्या आत! इतक्या हळुवारपणे कुणी माझ्यातलं काही काढेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग प्रोग्राम नव्यानं, एकसलग भरला गेला. शिवप्पांनी पहिली नक्षी मागितली ती 'निंगव्वा' नावाची. निंगव्वा म्हणजे त्यांची बायको. त्या आता नाहीत. त्यांच्या लग्नातल्या लुगड्याच्या काठावरची वेल शिवप्पांनी आठवून आठवून काढली होती. माग खडखडू लागला आणि ती वेल चादरीवर उमटत गेली. शिवप्पा तिच्यावरून हात फिरवत कितीतरी वेळ उभे होते.

म्हणून सांगतो मित्रांनो, बिघडलेलं जरूर काढा. पण पुसायला हात उचलण्याआधी, आत कोण राहतं ते विचारा. माझ्यात निंगव्वा राहत होत्या.