कागदाची मागची बाजू

“विनिता, कागद उलटायला विसरू नकोस. लोक पुढच्या नावांवरून भांडतात आणि मागचा प्रश्न कोराच सोडतात.”

अमेरिकेतल्या लोरेनचा आवाज विनिताला कुवेतमधल्या आपल्या देवघरासमोर आठवला, कारण तिच्या पाठीमागे जेवणाच्या टेबलावर तिचा नवरा मुकेश तिकडच्या निवडणुकीची मतपत्रिका उलटत होता.

“तुझीही भरून टाकतो गं,” तो म्हणाला. “कुरिअरवाला चारला येणार आहे. भरू ना?”

जप पुरा होईपर्यंत बोलायचं नाही, हा विनिताचा सोळा वर्षांचा नेम. अमेरिकेत डायलिसिसच्या नर्सची पहाटेची पाळी असतानाही तो मोडला नव्हता. तिने जोरात मान हलवली, नाही म्हणून. मुकेशने वर बघितलंच नाही. ती गप्प आहे म्हणजे चालतंय, असं धरून तो नावांपुढचे गोळे काळे करत सुटला.

जप संपवून ती उठली. तिच्या मतपत्रिकेवर सगळे गोळे भरलेले होते. मागच्या प्रश्नावर ‘नाही’.

“हे काय?”

“विचारलं होतं तुला.”

“मी जपात होते.”

“अगं, तिथल्या आपल्या अकरा घरांचं ठरलंय. ग्रुपवर आलंय सगळं. वर ती नावं आणि मागे नाही. उगाच मालमत्ता कर वाढवून ठेवतील. आपलं घर आहे अजून तिथं.”

अमेरिकेतल्या त्यांच्या छोट्या शहराचं मत नदीवरून ओळखायचं. पूर्वेला बंद पडलेल्या कागद गिरणीचे कामगार. त्यांचे वडील जन्मभर एका पक्षाचे, ते स्वतः आता दुसऱ्याचे. पश्चिमेला कॉलेज, हॉस्पिटल, नवी घरं आणि आपली अकरा कुटुंबं. निवडणुकीत अंगणात पाट्या लागल्या की कोण कुणाशी बोलणार नाही ते कळायचं. लोरेन पूर्वेची, विनिताची पेशंट. तिच्या अंगणातली पाटी विनिताच्या मताच्या अगदी उलट. “वर तू कुणालाही दे, मी विचारणार नाही,” ती म्हणायची, “पण मागे आमच्या गाडीला हो म्हण.”

गाडी म्हणजे मालमत्ता करातून चालणारी नगरपालिकेची छोटी बस. पूर्वेच्या म्हाताऱ्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला आणणारी. मागच्या खेपेला तो प्रश्न सात मतांनी पडला आणि बस दोनदाच यायला लागली. लोरेनचे शुक्रवार चुकू लागले. पुन्हा मतदान होईल तेव्हा जिथे असेन तिथून मत देईन, असं विनिताने कुवेतला निघताना तिचा हात धरून सांगितलं होतं. त्याच हिवाळ्यात लोरेन गेली. बाकीचे अजून दोनदाच येत होते.

“अहो, ती बस कशाची आहे, माहीत आहे ना?”

“पूर्वेची माणसं आपल्याला काय म्हणतात तेही माहीत आहे. आणि तुझ्या एका मतानं काय होणार?”

“काहीच होत नाही, तर ते तुम्हाला कशाला लागतं?”

मुकेश पेन पुढे करत म्हणाला, “बरं, सही कर. साक्षीदाराची सही लागते, ती ऑफिसात कुणाची तरी घेतो.”

विनिताने तो कागद उचलला, फाडला, पुन्हा एकदा फाडला आणि तुकडे नीट एकावर एक रचून त्याच्या चहाच्या कपाजवळ ठेवले.

“वेड लागलं का? बावीस वर्षांत कधी आवाज चढवला नाहीस!”

“आत्ताही चढवला नाही.”

कुवेतच्या हवल्ली भागातल्या टायपिंग सेंटरमध्ये नूरजहाँ लोकांचे अरबी अर्ज टाइप करून देत असे. मूळची हर्णैची. तिने विनिताला ईमेलने आलेली मतपत्रिका पुन्हा नवी छापून दिली.

“आता साक्षीदार हो. कोरा कागद बघायचा, आणि मी भरताना बघायचं नाही.”

“माझी सही चालंल गो? मी काय अमेरिकावाली हाय?”

“परदेशातून मत दिलं तर चालते. नियमात आहे.”

“बघायचं नाय, ह्यो नियम बरा हाय! आमचे जेठ शाई लागंपर्यंत पाठीशी उभे असायचे.” नूरजहाँ हसली. “आता तर गावच्या यादीतनं नावच गेलं माझं. चोवीस वर्षं झाली हितं.”

तिने खुर्ची भिंतीकडे फिरवली. दारात एक इजिप्शियन गिऱ्हाईक आलं, त्याला तिने मान न वळवता दोन बोटं दाखवली. “दगीगा, बाबा, दगीगा! दोन मिनिटं!”

पुढच्या बाजूला विनिताने कुणाला मत दिलं, ते तिचं तिला ठाऊक. ते ग्रुपच्या यादीसारखं नव्हतं, लोरेनच्या पाटीसारखंही नव्हतं. मग तिने कागद उलटला आणि ‘हो’चा गोळा कडेपर्यंत भरला.

तिने कागद पाकिटात घालून ते बंद केलं, वर सही केली, तेव्हा नूरजहाँ वळली. पाकिटावरच्या साक्षीदाराच्या रेघेवर तिने सही म्हणून सावकाश पूर्ण नाव लिहिलं, स्वतःचं, नवऱ्याचं, आडनावासकट. “बघ, लागली का नीट?” तिने दोनदा विचारलं.

मुकेशचा फोन आला. “माझं पाकीट तयार आहे. तुझं चारच्या आत आण.”

“माझं मी देते.”

“विनिता, ग्रुपवर काय सांगू मी?”

“सांगा, साडेदहा घरं ठरली आहेत.”

“टॅक्सी कर गो,” नूरजहाँ म्हणाली, “ऊन बघ भायेर.”

पण बसचा थांबा समोरच होता. विनिता खांबाच्या बोटभर सावलीत उभी राहिली. शर्कच्या कुरिअर ऑफिसकडे जाणारी बस आली, तेव्हा घामाचा हात लागू नये म्हणून तिने पाकीट ओढणीत गुंडाळलं आणि पायरी चढली.