लाल ओळ

“वाचा ना. तुमचाच बोर्ड आहे, तुम्हीच वाचून दाखवा,” सून म्हणाली आणि तिनं व्हॅनचं इंजिन बंद केलं.

सासऱ्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली.

“अंहं, तिथून नाही. इकडे या, माझ्या जागेवर बसा. दंड मला झालाय, मागच्या सीटला नाही.”

सासऱ्यांना सगळं शहर पेंटर म्हणूनच ओळखायचं. चाळीस वर्षं त्यांनी बोर्ड रंगवले होते. दुकानांचे, दवाखान्यांचे आणि रस्त्यांचेही. काल बंद रस्त्यात व्हॅन घातल्याची नोटीस आली तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांदेखत सुनेला विचारलं होतं, “डोळे काय घरी ठेवून गेली होतीस? एवढा धडधडीत बोर्ड आहे!” तेव्हापासून घरात ताटं आदळण्यापलीकडे आवाज नव्हता.

सून शाळेची व्हॅन चालवायची. हा तिचा तिसरा दंड. तिसऱ्या दंडाला लायसन्स तीन महिने जप्त होतं, आणि शाळा काही तीन महिने थांबणार नव्हती. दुसरी व्हॅन लावून मोकळी झाली असती. मग सहा वर्षांत जमवलेलं काम गेलंच. उद्या सुनावणी होती.

पेंटर कुरकुरत स्टिअरिंगमागे जाऊन बसले. समोर कोपऱ्यावरच्या खांबाला तो बोर्ड होता. वर मोठ्या काळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: अवजड वाहनांना प्रवेश बंद. त्याच्या खाली लाल ओळ असायला हवी होती: शाळेच्या वेळेत सर्व वाहनांना बंद. पण तिथे कपडा धुतल्यावर डाग राहतो तसा फिकट गुलाबी पट्टा होता, बस्स. पेंटरांनी डोळे बारीक केले, चष्मा पुसून पुन्हा लावला. पट्टा पट्टाच राहिला.

उजव्या कोपऱ्यात मात्र त्यांची सही होती. काळी, तुकतुकीत, खाली लांब शेपटी ओढलेली.

“सही झकास दिसते हं,” सून म्हणाली. “आत जायचं की नाही ते कळत नाही. पण बोर्ड कुणाचा ते लांबूनही कळतं.”



लाल रंगाचा स्वभाव मोठा विचित्र असतो. डोळ्यांत सगळ्यात आधी तोच भरतो आणि उन्हात सगळ्यात आधी तोच उडतो. म्हणून त्याला रंगाचे दोन हात द्यायचे आणि वरून वार्निश मारायचं. पेंटरांनी हे हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं. आणखी एक गोष्ट ते सांगायचे, तीही दर वेळी बोट नाचवून: “बोर्ड रंगवून झाला म्हणजे पुरा झाला असं नाही. रस्ता ओलांडायचा, पलीकडून वाचायचा. वाचता आला, तर पुरा.”

हा बोर्ड केला त्या वर्षी साठ बोर्ड चार दिवसांत द्यायचे होते. वर्कशॉपच्या फरशीवर रांगेनं आडवे ठेवून त्यांनी ते रंगवले. लाल रंगाचा एकच हात दिला. वार्निश संपत आलं होतं. डब्याच्या तळाशी उरलं होतं ते त्यांनी साठही सह्यांवरून फिरवलं. आणि रस्ता? तो एकाही बोर्डासाठी ओलांडला नव्हता.

“उद्या मी येतो,” ते उतरताना म्हणाले.

“कशाला? तिथेही विचारायला, की डोळे घरी ठेवलेस का म्हणून?”

दुसऱ्या दिवशी वाहतूक खात्याच्या कचेरीत बाकावर दोन तास बसल्यावर त्यांना आत बोलावलं. साहेबांनी मान वर न करताच सुरुवात केली. “बाई, ‘दिसला नाही’ हे इथे रोज वीस जण सांगतात. एकविसावं काहीतरी सांगा.” त्यांनी एक फोटो टेबलावर सरकवला. “घ्या. लाल ओळ आहे का नाही?”

फोटोत ओळ होती. फिकी, पण वाचता येण्याजोगी.

“साहेब, हा फोटो शिडीवर चढून काढलाय,” पेंटर म्हणाले. “हातभर अंतरावरून. व्हॅन काही शिडीवर चढत नाही.”

“तुम्ही कोण?”

“सासरा.”

“मग बाहेर बसा. इथे घरगुती भांडणं मिटवत नाहीत.”

शेजारचा कारकून फिदीफिदी हसला.

“बोर्ड मी रंगवलाय.”

आता साहेबांनी मान वर केली. “अस्सं! म्हणजे बोर्ड उत्तम आहे, हेच ना?”

“नाही. वाईट आहे.”

कारकुनाचं हसू अर्धवट राहिलं. पेंटरांनी सगळं सांगितलं: एकच हात, संपलेलं वार्निश, आडवे बोर्ड. सह्यांचंही सांगितलं.

“सुनेसाठी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेताय?”

“काळं व्यवस्थित लागलंय साहेब. लालच नीट लावला नाही.”

साहेब हसले नाहीत. “लेखी द्याल? विचार करून बोला. लेखी दिलंत तर तुमचे साठही बोर्ड उतरवून टाकीन. आणि खात्याच्या यादीत पेंटर म्हणून नाव आहे ना तुमचं? तेही जाईल.”

सुनेनं पेंटरांची बाही ओढली. “बाबा, राहू द्या. मी बघते दुसरीकडे काहीतरी.”

“तू गप्प बस,” ते खेकसले. मग कारकुनाकडे वळले. “कागद द्या.”

त्यांनी सावकाश, एकसारख्या अक्षरांत लिहिलं. शेवटी सही केली. पेन शेपटीसाठी खाली वळलं होतं, ते त्यांनी उचलून घेतलं.

“दंड रद्द,” साहेब म्हणाले. “नवा बोर्ड पंधरा दिवसांनी लागेल. तोवर आहे तो आहे. पुढचे कोण?”

बाहेर येऊन सुनेनं व्हॅनचं पुढचं दार उघडून धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला पेंटर त्या कोपऱ्यावर, आपल्याच बोर्डाखाली उभे होते. वळणारी प्रत्येक गाडी ते हात आडवा करून थांबवत होते. “आत जाऊ नका, आत्ता बंदी आहे.”

“कुठे लिहिलंय?” एक टेम्पोवाला ओरडला.

“लिहिलंय. दिसत नाही.”

“डोकं फिरलंय का म्हाताऱ्या? चल, हो बाजूला!”

पेंटर हलले नाहीत. टेम्पोवाल्यानं शिव्या घालत गाडी मागे घेतली. त्याच्यामागे शाळेची व्हॅन होती. लांबच्या रस्त्याला लागण्याआधी ती कोपऱ्यावर क्षणभर थांबली. सुनेनं काच खाली केली.

“बाबा, इथे ऊन येतंय. पलीकडे सावली आहे, तिथे तरी उभे राहा.”

पेंटरांनी रस्त्याच्या पलीकडे पाहिलं, मग डोक्यावरच्या बोर्डाकडे.

“पलीकडून दिसत नाही गं,” ते म्हणाले आणि पुढच्या गाडीला त्यांनी हात आडवा केला.