माळावर दिलेली लेक

हिरामण लोहार म्हसवडकडच्या माळावर वाढला. तिकडे उभं राहिलं की चारी बाजूंना गवत आणि मेंढरं, नजरेला आडवं यायला झाडसुद्धा नाही. वीस सालच्या दुष्काळात जनावरं मेली, फाळ ठोकून घ्यायला कोणी येईना, तेव्हा तो बायकोला, सगुणाला, घेऊन घाट उतरला आणि थळला भट्टी घालून बसला. फाळ करणारा हात कोळ्यांच्या मचव्यांचे नांगर करू लागला. काम भरपूर मिळालं, मन मात्र लागलं नाही. खारी हवा, गंजणारं लोखंड, माडांनी झाकलेलं आभाळ. सोळा-सतरा वर्षं तो कुरकुरतच राहिला.

सगुणा रुळली. कोळणींत बसून जवळा निवडायची, त्यांच्यासारखी हसायची. मुलगी कोकिळा तर तिथेच जन्मली. ओहोटीला खडकांवरची कालवं फोडायला ती सगळ्यांच्या पुढे असे.

कोकिळा सोळाची झाली तेव्हा माणगावच्या सोनूबाई लोहारणीने आपल्या रघूसाठी तिला मागणी घातली. रघूचा हात चांगला, घर खाऊनपिऊन सुखी. सगुणाने मनातून होकार देऊन टाकला होता. हिरामण म्हणाला, "पोर माळावर जाईल. माझ्या बहिणीच्या धर्माजीला."

"तिनं माळ बघितला तरी हाय का?"

"मी बघितलाय."

कोकिळाला कुणी विचारलं नाही.

लग्नाला दीड वर्ष झालं आणि तिचं पत्र आलं. हिरामणला वाचता येत नव्हतं. शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. तिला सातवा महिना होता. पाणी दोन कोसांवरून आणावं लागतं, पाय सुजलेत, आबा, बाळंतपणाला न्यायला या. पहिलं बाळंतपण माहेरी, हे खरं तर तिला लिहावंही लागायला नको होतं. पण हिरामणच्या मनात भलतंच आलं. एकदा इकडे आली की ही परत जायची नाही, आणि बहीण म्हणेल, भावाची लेक माळावर टिकली नाही. त्याने मास्तरांकडून उत्तर लिहून घेतलं, 'तेच तुझं घर. तिथंच होऊ दे.' सगुणाला तो काही बोलला नाही.

अडीच महिन्यांनी दुसरं कार्ड आलं, ते पोस्टमनने सगुणाच्या हातात दिलं. ती मास्तरांकडे गेली. मूल जन्मलं होतं आणि तिसऱ्या दिवशी गेलं होतं. मास्तर हळहळले, "तेव्हाच आणलं असतं तर बरं झालं असतं."

"तवाच म्हंजे कवा?"

मास्तरांनी सांगितलं. सगुणा घरी आली, भट्टीशी उभी राहिली आणि नवऱ्याला एवढंच म्हणाली, "जावा. तिला घेऊन या."

मोटार, आगगाडी, पुन्हा मोटार, शेवटी पाच कोस पायी. चढ संपला तसा माळ समोर उघडा पडला, पिवळ्या गवतावरून वारा आला आणि हिरामणला छाती भरून बरं वाटलं. आपण कशासाठी आलोय हे तो विसरला. आठवलं तेव्हा त्याला स्वतःचीच किळस आली.

कोकिळा अंगणात घागरी उतरवत होती. ओळखू येईना इतकी वाळली होती.

"चल पोरी. आईनं बोलावलंय."

"आता कशाला?"

"थोडं दिस राहा तिकडं."

"सातवा महिना व्हता तवा या म्हनलं व्हतं, आबा." तिचा आवाज चढला नाही. "आता माझं लेकरू हितं पुरलंय. मी कुटं जाऊ?"

ती पाणी घेऊन आत गेली. जेवायला बहिणीने, नीराबाईने वाढलं. कोकिळा पुन्हा समोर आली नाही.

थळला तो दारात पोचला तेव्हा सगुणाने त्याच्या पाठीमागे वाटेकडे बघितलं. "पोर कुटाय?"

"येत न्हाय म्हनली."

दुसऱ्या दिवशी सगुणाने दोन लुगडी आणि सुक्या जवळ्याची पुरचुंडी बांधली. "मीबी येतो," हिरामण म्हणाला.

"तुमी कशाला? तुमच्या तोंडाकडं बघायला तितं कोन हाय?"

महिन्याभराने माळावरून सगुणाचं कार्ड आलं. 'मी हितंच राहते. कोकिळा आता जेवते.' हिरामणने मास्तरांना ते उलटून बघायला लावलं. मागे फक्त पत्ता होता. मग तो घरी आला आणि भट्टी पेटवली. बुधाजी तांडेलाला मचव्यासाठी भरतीच्या आत नांगर हवा होता.