पिक्चरच्या टायटलात सुरुची भोजन

रुख्माबाईंनी आमच्या फिल्मसाठी दोन्ही गुडघे फोडून घेतले आणि बदल्यात एकच मागितलं. "पडद्यावर माह्यं नाव एकटं येऊ दे, मेघा. नुसतं रुख्मा. राशनकार्ड पाय, गॅसचं पुस्तक पाय, जिथी पाहावं तिथी मांगं चंद्रभान लागूनच हाये."

मी शब्द दिला. एडिटिंग माझ्याकडे, म्हणजे टायटल माझ्याच हातात, असा माझा गोड गैरसमज होता.

फिल्म म्हणजे वर्ध्याच्या आमच्या कॉलेजातला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. नाचणगावची पन्नाशीची बाई सायकल शिकते, एवढीच गोष्ट. मी टायटलही तेवढंच साधं केलं. रस्त्यावर फिरत्या चाकाची सावली, सावली थांबते आणि तिथे नाव उमटतं.

"लयच गरीब वाटून राह्यलं," विवेक म्हणाला. विवेक आमचा दिग्दर्शक. शूटिंगच्या पहिल्या दिवशी त्यानं काळा गॉगल चढवला तो अजून उतरलेला नाही, एडिटिंगच्या अंधाऱ्या खोलीतही तो त्यातूनच रंग तपासतो. त्याच्या डिझाइनमध्ये वीज कडाडून डोंगर फुटत होता आणि आतून सोन्याची अक्षरं येत होती.

"सायकल शिकणाऱ्या बाईसाठी डोंगर काऊन फोडतं बाप्पा?" मी विचारलं.

"इम्पॅक्ट," तो म्हणाला.

डोंगर फुटायचाच होता, पण मध्येच नत्थूजी आले. त्यांनी शूटिंगला सायकल, वीज आणि अंगण दिलं होतं आणि त्यातलं काहीही ते आम्हाला विसरू देत नव्हते. "माह्यं नाव कुठी येते? अन् माह्या साळ्याचं? गर्दी त्यानंच हटवली." साळ्याचं घ्यावं तर जावई रुसतो, जावयाचं घ्यावं तर व्याही. नाव राहिलं की माणूस किती वर्षं बोलत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

तेव्हा विवेकला साक्षात्कार झाला. पुलगावला त्याचा मित्र अंकुश लग्नाच्या व्हिडिओ पत्रिका बनवतो. अख्खं गाव मावेल असं तयार डिझाइन त्याच्याकडे होतंच, नुसती नावं बदलायची. वर गणपती, सनई, गुलाबाच्या पाकळ्या, मग विनीत, स्वागतोत्सुक, आणि खाली चिल्लीपिल्ली: आमच्या मावशीच्या पिक्चरले यायचं हं! वधूच्या चौकटीत रुख्माबाई. वराची चौकट रिकामी बरी दिसत नाही म्हणून तिथे त्यांचे यजमान चंद्रभानजी. तीस वर्षांचा संसार झालेल्या जोडप्याचं विवेकनं पुन्हा लग्न लावलं आणि खाली लिहिलं, सौ. रुख्माबाई चंद्रभान झाडे.

मी भांड भांड भांडले. ग्रुपमध्ये मत घेतलं तर पत्रिका जिंकली. गाइड सर म्हणाले, "लोकसहभाग छान दिसतो." सर स्वतः शुभाशीर्वादमध्ये होते, फोटोसकट. मग मी तोंड मिटलं. पत्रिकेकडे ढुंकूनही न पाहता ती सुरुवातीला लावली आणि माझी सावली गुपचूप फिल्मच्या शेवटी चिकटवली.

नत्थूजींच्या अंगणात चादर बांधून खेळ ठेवला. गाव लोटलं. नाव आलं की शिट्टी, आणि ज्याचं त्याचं नाव टिपायला ज्याचा त्याचा मोबाइल वर. रुख्माबाई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत होत्या. 'सौ.' आली तशी त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पत्रिकेची शेवटची ओळ आली. अंकुशनं तिच्यातलं ठिकाण बदललं, बाकीचं काढायला तो विसरला आणि विवेकनं ती गॉगलमधून तपासली होती. 'स्थळ: नत्थूजींचे घर. शुभकार्यानंतर सुरुची भोजन.'

आता आपल्याकडे भोजन छापलं म्हणजे ते असतंच. गाव उठलं आणि पंगत शोधत घरामागे गेलं. इज्जतीचा सवाल, नत्थूजींनी धावतपळत चौकातून आलूबोंडे मागवले. चंद्रभानजीही गेले. फिल्म सुरू झाली तेव्हा समोर रिकाम्या खुर्च्या, एक कुत्रं आणि रुख्माबाई.

पडद्यावर त्या पडल्या, उठल्या, पुन्हा पडल्या आणि मग सायकल चालली. मागून "चटणी इकडं" अशा हाका येत होत्या. शेवटी चाकाची सावली थांबली. रुख्मा.

"कोणीच नाई पाह्यलं, मावशी." मला रडूच यायला लागलं.

"म्या पाह्यलं ना."

चंद्रभानजी दोन आलूबोंडे घेऊन परतले आणि पडद्यासमोर थबकले. "हे कोण रुख्मा? बाकीचं नाव कुठी गेलं?"

"एवढंच हाये," रुख्माबाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातातला एक आलूबोंडा उचलला. "बसा. मेघा, पुन्हा लावजो. पत्रिका सोडून."