बॉनेटखालचा रंग

मांडवगण फराट्याहून दौंडला निघालेली चांगदेवची जुनी गाडी उसाच्या रानांत बंद पडली, तेव्हा त्याने स्टिअरिंगवर डोकं आपटून घेतलं. मागच्या सीटवर त्याची बायको चांगुणा आडवी होती. ह्याच गाडीपायी डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकल्या होत्या. पाय टरटरून सुजलेले, श्वास पुरत नव्हता. आजची पाळी चुकली तर बाई हाती लागायची नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. वडापच्या जीपमध्ये कोंबून बसायची ताकद तिच्यात नव्हती आणि अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन पुण्याला गेलेली.

फोन केल्यावर गावातला सतीश मेकॅनिक मोटारसायकलवर आला. प्लगला ठिणगी देणारं इग्निशन मॉड्यूल मागे दोनदा जळलं, दोन्ही वेळा नवं त्यानेच बसवलं होतं. तिसरं त्याने खिशातून काढलं, पण बसवेना.

"बसव की लवकर!" चांगदेव ओरडला.

"मामा, ह्येबी जळंल. का जळतंय त्ये तरी बघू द्या."

बघू द्या म्हणे! इथे बायकोचा जीव टांगणीला आणि हा पठ्ठ्या कॉईलला मीटर लावून बसला. कॉईल चांगली निघाली, वायरीही धड होत्या. शेवटी जळकं मॉड्यूल सोडवून त्याने खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पट्टीवर चकचकीत काळा ऑइलपेंट होता.

"दोनदा बसवलं, पन खाली बघितलं न्हाई म्या. उघड्या लोखंडाला टेकलं तरच ह्याची गरमी उतरती, अर्थिंग मिळतं. रंगावर बसवल्यावर भाजून निघनारच. कुनी दिला वो हा रंग?"

चांगदेवच्या डोक्यात तिडीक गेली. "मागच्या मालकानं फासला असंल, गिऱ्हाईक गटवायला! हात झडले पायजेत त्याचे! माझ्या बायकोच्या जिवावर उठला भाड्या!"

मागच्या खिडकीतून बारीक आवाज आला, "अवं... म्या दिला."

उघड्या बॉनेटमुळे तिचा चेहरा दिसत नव्हता. धाप लागत, थांबत थांबत ती बोलत होती. "तुम्ही माझ्यासाठी घेतली, आन् लोक भंगार म्हनायचे. तुम्ही ड्यूटीवर गेल्यावर स्क्रू काढून आतूनबी रंगवली. मुद्दाम न्हाई केलं वो."

सतीशने खाली मान घालून पट्टी खरवडली, पांढरं लोखंड दिसल्यावर नवं मॉड्यूल आवळलं. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. ज्या क्षणासाठी जीव तळमळत होता तो आला, आणि चांगदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुला न्हाई म्हनलो गं. तुला न्हाई," दौंडच्या वाटेवर तो पुन्हा पुन्हा एवढंच बोलत राहिला. मागून नुसती श्वासाची घरघर येत होती, आणि तिच्याच आधारावर तो गाडी पळवत होता.