वरची मासोळी

मित्रांनो, खिळ्याला अडकलेल्या नुसत्या दांडीला ओळखाल का? मी एक जुना तराजू आहे. पूर्वी मला दोन पितळी पारडी होती आणि आरमोरीच्या बाजारात मान होता. खोटं कशाला बोलू, थोडी ऐटही होती. मापाचे साहेब दरवर्षी मला तपासून शिक्का मारत आणि म्हणत, "याच्यात खोट नाही."

माझी मालकीण प्रेमिला. तिचा नवरा सोमाजी तलावात जाळं टाकायचा आणि ती बाजारात मासे विकायची. माप झालं की ती एक लहान मासोळी वरून टाकायची. माझं पारडं खाली झुकायचं आणि गिऱ्हाइकाचा चेहरा खुलायचा. मला त्या झुकण्याचा भारी अभिमान! बाजार उठला की ती मला तलावावर नेऊन राखेनं घासायची. सासूनं तिला बजावलं होतं, "तराजूले वास राह्यला तर उद्याचं गिऱ्हाईक येत नाई."

दोन हजार तीन साली भैयाजी नावाचा व्यापारी शेजारी येऊन बसला. त्याच्याकडे बर्फातले मासे होते आणि लाल आकड्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. लोक मासे कमी आणि आकडेच जास्त बघायचे. एके दिवशी वीस वर्षांचं गिऱ्हाईक असलेल्या गुलाबबाईंनी आमचे किलोभर मासे त्याच्या काट्यावर ठेवले. ते साठ ग्रॅम जास्त भरले.

"तुया तराजू बराबर नाई, प्रेमिला," त्या म्हणाल्या. "आज जास्त देते, उद्या कमी देशील."

"वरची मासोळी हाये ते, बाई."

गुलाबबाईंना ते पटलं नाही. मासोळीपायी मीच खोटा ठरलो, मित्रांनो! गिऱ्हाइकं एकेक करून भैयाजीकडे वळली.

शेवटी प्रेमिलानं पायातल्या चांदीच्या तोरड्या विकल्या आणि तसाच काटा आणला. मला खिळ्याला टांगलं. मी जळलो, कबूल करतो. पहिल्याच बाजारी तिचे मासे दुपारपर्यंत संपले. संध्याकाळी ती हसत तलावावर गेली आणि आपल्या रीतीप्रमाणे नवा काटा पाण्यात बुडवून राखेनं लख्ख घासला. रात्री चार्ज कर, एवढंच दुकानदारानं सांगितलं होतं. पाण्याचं कोणी काही बोललं नव्हतं.

आकडे पुन्हा लागले नाहीत. गडचिरोलीच्या मिस्त्रीनं काटा उघडला, आतलं पाणी दाखवलं आणि मान हलवली. घरी येऊन ती सोमाजीला म्हणाली, "मीनंच मारला त्याले. चांगला धुऊन मारला."

पुढच्या बाजारी ती मला घेऊन बसली. लोक विचारू लागले, "लाल आकड्याचा कुठी गेला? काऊन लपवला?" ती खरं सांगायची आणि लोक हसून पुढं जायचे. दिवाळीपर्यंत आमची बाजारातली जागा गेली. प्रेमिला रोजीनं भैयाजीचे मासे कापू लागली.

एका बाजारी भैयाजीनं तिला मासे मोजायला लावलं. आकडा बरोबर एक किलो आला आणि सवयीनं तिच्या हातानं वर एक मासोळी टाकली. भैयाजीनं ती उचलून परत टोपल्यात ठेवली.

"बाई, हे माया घरची मासोळी हाये," तो शांतपणे म्हणाला.

घरी येऊन तिनं सोमाजीला हे सांगितलं. मग तिनं मला खाली काढलं, तलावावर नेलं आणि राखेनं घासलं. किती दिवसांनी! मला वाटलं, उद्या आम्ही बाजारात बसणार. घरी आल्यावर तिनं माझ्या साखळ्या सोडल्या. एका पारड्यात आता कोंबड्या पाणी पितात. दुसऱ्यात चुलीची राख असते.

मित्रांनो, माझी निगा राखा असं सांगायला माझं आता उरलंय काय? पण तुमच्या बाजारात एखादी बाई माप झाल्यावर वरून मासोळी टाकताना दिसली, तर ते मासे दुसऱ्या काट्यावर मोजायला नेऊ नका. मुकाट्यानं घ्या आणि पुढच्या बाजारी तिच्याकडेच जा. आमच्या बाजारात एवढंही कोणी केलं नाही.